शाळा नगर परिषदेची, जाब कुणाला विचारायचा?

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
मा. मुख्याधिकारी,
अकोट नगर परिषद, अकोट, जि. अकोला.

विषय : नगर परिषद शाळांच्या कारभारात पालकांना खरा वाटा मिळणे आणि शाळांचा निधी गरजेनुसार वाटला जाणे याबाबत.



डिसेंबर 2025 मध्ये निकाल लागले आणि जवळपास चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर अकोटच्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेली माणसं पुन्हा बसली. पाठोपाठ जानेवारीत सत्तेच्या आघाडीवरून आपल्या गावाचं नाव दिल्लीच्या बातम्यांत गेलं. कोण कुणासोबत बसलं, कोण कुणापासून उठलं, याची चर्चा पानठेल्यापासून टीव्हीपर्यंत रंगली. नगर परिषदेच्या शाळेत जी लेकरं रोज बसतात, त्यांचं नाव त्या गदारोळात कुणी घेतलं नाही. आता गदारोळ निवला आहे आणि पाच वर्षांचा काळ तुमच्या हाती आहे. म्हणून हे पत्र.

शाळांसाठी पैसा कमी पडतो हे गाऱ्हाणं जुनं आहे आणि खरंही आहे. पण मला आधी दुसरा प्रश्न विचारायचा आहे. नगर परिषदेच्या शाळेत काही बिघडलं, तर पालकाने जाब कुणाला विचारायचा?

छत गळत असेल तर ते नगर परिषदेचं काम. शिक्षक कमी असेल तर पदं संचमान्यतेवर, म्हणजे पटानुसार होणाऱ्या पदमंजुरीवर, ठरतात आणि संचमान्यता होते पुण्याच्या शिक्षण संचालनालयातून. भरती पवित्र पोर्टलवरून, पगाराचं अनुदान शासनाकडून, रोजची देखरेख नगर परिषदेच्या शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांकडून. या सगळ्याच्या खाली शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्या नावावर कायद्याने बरंच काही लिहिलं आहे आणि तिच्या हातात फारसं काही नाही. यातला प्रत्येक जण अगदी खरं बोलून म्हणू शकतो, "हे आमच्याकडे नाही." सामाईक धुऱ्यावरच्या झाडासारखी या शाळांची गत झाली आहे. सावलीत सगळे बसतात, पाणी घालायची पाळी मात्र नेहमी दुसऱ्याची.

हा घोळ एकट्या अकोटने केलेला नाही. त्याचं मूळ राज्यघटनेच्या दुरुस्त्यांपर्यंत जातं. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची दिली, तिच्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय स्पष्ट शब्दांत आहे. शहरांसाठीच्या 74 व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची दिली, तिच्यात सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींच्या रांगेत शैक्षणिक बाबींना चालना एवढाच मोघम उल्लेख आला. खेड्यातली शाळा पंचायत राजचा विषय ठरली आणि शहरातली शाळा बागबगिच्यांच्या शेजारी जाऊन बसली. 2011 च्या जनगणनेत अकोटची लोकसंख्या 92 हजारांच्या वर होती. एवढ्या मोठ्या गावातल्या गरीब मुलांची शाळा कायद्याच्या भाषेत अशी कडेला पडली.

ती मधोमध आणली शिक्षणहक्क कायद्याने. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याचं नववं कलम स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं सांगतं. अकोट शहरात स्थानिक प्राधिकरण म्हणजे तुम्ही. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं, तो शाळेत दाखल झाला का, येतो का, आठवीपर्यंत टिकतो का हे पाहणं, दुर्बल आणि वंचित घरच्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं, इमारत, शिक्षक आणि साहित्य पुरवणं, शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, एवढंच काय, शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवणंसुद्धा या यादीत आहे.

आता या यादीशेजारी गेल्या दोन-तीन वर्षांचा अनुभव ठेवून पाहा. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिलदरम्यान घ्यायचं वेळापत्रक पुण्याहून आलं. त्या दिवसांत आपल्याकडे पारा कुठे असतो हे अकोल्या-अकोटच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्या शाळा राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात त्या याच उन्हामुळे. विदर्भातून विरोधाचा सूर उमटला, पण वेळापत्रक ठरवण्याचं काम कायद्याने ज्यांच्याकडे दिलं आहे, त्या नगर परिषदांत तेव्हा सभागृहच नव्हतं. विरोधाचा ठराव तरी कुणी करायचा?

गणवेशाचंही तेच झालं. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती कापड बघून, गावातल्या शिंप्याला मापं देऊन गणवेश शिवून घ्यायची. 2024-25 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत कापडाची खरेदी वरून झाली. राज्यभर मुलांना गणवेश उशिरा मिळाले, मिळाले त्यातले कितीतरी अंगाला बसेनात. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये शासनानेच निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा समितीकडे दिलं. लेकराच्या अंगाचं माप त्याच्या मायला ठाऊक असतं, मंत्रालयाला नसतं, हे कळायला एक आख्खं शैक्षणिक वर्ष गेलं. त्या वर्षाची किंमत खासगी शाळेतल्या मुलाने मोजली नाही.

कारभारातली दुसरी खोट काळाची आहे. नगर परिषद कायद्यानुसार तुमच्याकडे शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती असते. बांधकाम किंवा पाणीपुरवठा समितीसाठी जशी चढाओढ होते, तशी हिच्यासाठी होत नाही हे गावाला माहीत आहे. सभापती सहसा वर्षभरात बदलतो. शाळांची नावं आणि मुख्याध्यापकांचे चेहरे ओळखीचे होईस्तोवर त्याची मुदत संपते. मुख्याधिकारी बदलीने येतात, बदलीने जातात. व्यवस्थापन समिती दोन वर्षांची. आणि पहिलीत आलेलं लेकरू? ते सात-आठ वर्षं त्याच आवारात असतं. त्याला जबाबदार असलेल्यांपैकी एकही जण त्याच्याइतका काळ त्या शाळेसोबत नसतो. मग त्याच्या पहिलीत ठरलेली गोष्ट त्याच्या पाचवीत तरी झाली का, हे तपासायचं कुणी?

तिसरी खोट सगळ्यात मोठी. या शाळांबद्दल जे ठरवतात त्यांची मुलं सहसा या शाळांत नसतात, आणि ज्यांची मुलं असतात ते ठरवायला बसत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याने यावर उपाय काढला होता. 21 व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या सदस्य महिला हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. अध्यक्ष पालकांतूनच. कागदावर नावं भरण्यापुरता हा नियम पाळला जातो. आपल्या भागातल्या एका शाळेच्या समितीवर मी काही काळ होतो. बैठकीची नोटीस येण्याऐवजी कधी कधी प्रोसिडिंग बुकच घरी यायचं, आणि शेजारच्या मावशी हात पुसत विचारायच्या, "सही कुठी करू, बापा?" त्या मावशींना शाळेतलं सगळं माहीत होतं. कोणता वर्ग कोणत्या वाराला गुरुजींविना बसतो, खिचडीत कधी काय नसतं, मुलींच्या संडासाला कडी नाही. ठरावात यातलं काहीच नसायचं.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2015 रोजी उत्तर प्रदेश सरकारला बजावलं होतं की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत गेली पाहिजेत. तो आदेश प्रत्यक्षात उतरला नाही. तुमची मुलं कुठे शिकावीत हे मी सांगणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. माझं म्हणणं उलट बाजूने आहे. ज्यांची मुलं इथे शिकतात त्यांना तुमच्या टेबलापर्यंत येऊ द्या.

पैशाच्या वाटपाकडे आता वळतो, कारण विषमता तिथे आकड्यांत दिसते. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत वर्षाला 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार, हजारपर्यंत 75 हजार आणि त्यापुढे एक लाख. पट 105 वरून 95 वर आला की शाळेचं अनुदान निम्म्यावर येतं. छत तेवढंच राहतं, विजेचं बिल तेवढंच राहतं, संडास तेवढेच धुवावे लागतात. शिक्षकांचंही तसंच. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मंजूर न करण्याची तरतूद आली आणि राज्यभरातून तिला विरोध झाला. पट घटला म्हणून पैसा घटतो, पैसा घटला म्हणून शिक्षक जातो, शिक्षक गेला म्हणून उरलेले पालक उधारीउसनवारी करून खासगी शाळेचा रस्ता धरतात, आणि पट आणखी घटतो. ज्यांना उधारही मिळत नाही त्यांची लेकरं मागे उरतात. अंजनगाव रोड, पोपटखेड रोडने गाव वाढत चाललं, खासगी शाळांच्या पिवळ्या गाड्या वाढल्या, आणि जुन्या वस्त्यांमधल्या शाळांत कोण उरलं ते एकदा वर्गात बसून पाहा.

या उतरणीवर सगळे सारखे घसरत नाहीत. उर्दू माध्यमाच्या शाळांची अडचण वेगळी आहे. आरक्षित प्रवर्गांतली पदं उर्दू माध्यमाचे उमेदवार न मिळाल्याने रिकामी राहतात, ही राज्यभरातली जुनी तक्रार आहे. शिक्षणहक्क कायद्याचं 26 वं कलम म्हणतं की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक जागा रिक्त राहू नयेत. मराठी आणि उर्दू माध्यमांच्या तुमच्या शाळांत हे प्रमाण वेगवेगळं किती आहे, याचं उत्तर तुमच्याच दप्तरात आहे. ते लोकांपुढे मांडा. उर्दू शाळेतली मुलगी सातवी-आठवी झाली की पुढची शाळा किती दूर आणि रस्ता कसा, यावर तिची दहावी ठरते. जिनिंगच्या हंगामात किंवा वीटभट्टीच्या कामाला आलेल्यांची लेकरं, मेळघाटातून खाली उतरलेल्या कोरकू कुटुंबांची लेकरं, दिव्यांग लेकरं, यांची गणती त्या 'प्रत्येक मुलाच्या नोंदी'त आहे की नाही? या सगळ्यांना एकाच पटाच्या मापाने मोजलं, तर ज्याला जास्त हवं त्यालाच कमी मिळतं.

शिवाय आपण सगळेच या शाळांसाठी पैसा भरतो. घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर नावाची एक ओळ असते. 1962 च्या कायद्याने लावलेला हा राज्याचा उपकर नगर परिषद गोळा करते आणि शासनाकडे जमा करते. अकोटच्या घरांतून दरवर्षी या नावाने किती गेले आणि अकोटच्या शाळांवर शासनाने आणि तुम्ही मिळून किती खर्चले, हा ताळेबंद एकदा शेजारी शेजारी छापा. तंटा करण्यासाठी मी तो मागत नाही. पैसे भरणाऱ्याला आकडा माहीत असावा, एवढंच.

"शाळा नगरपालिकेकडे असावी की शासनाकडे" हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1882 मध्ये त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्या हवाली करू नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, अशी त्यांची मांडणी होती. सभागृहात बसून पाहिलेल्या माणसाची ती मांडणी आहे. शूद्रातिशूद्रांच्या मुलांचं हित तिथे बसणाऱ्यांच्या मर्जीवर सोडायला ते तयार नव्हते. आज देखरेख करणारी खाती वाढली आहेत. त्या मुलांच्या आईबापांची देखरेख तेवढी अजून यायची आहे.

शिक्षण मंडळांचाही प्रयोग राज्याने करून पाहिला. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, 1947 खाली पुण्यासारख्या शहरांत स्वतंत्र शिक्षण मंडळं होती. खरेदीच्या वादांनी त्यांचं नाव खराब झालं, 2013 मध्ये तो कायदा रद्द करण्यात आला आणि पुण्याचं मंडळ 2017 मध्ये संपलं. मंडळं गेल्याने शाळा सुधारल्या असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मंडळात कार्यकर्त्यांची सोय लागत होती, मंडळासोबत ती गेली. पालकांची सोय त्याच्या आधीही लागलेली नव्हती आणि नंतरही लागली नाही.

बाहेर पाहायचं तर अमेरिकेतल्या शिकागो शहराचं उदाहरण घ्या. तिथे 1988 च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक शाळेला निवडून आलेली स्थानिक परिषद मिळाली. तिच्यात तेव्हा सहा पालक, दोन परिसरातले नागरिक, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक निवडण्याचा आणि शाळेचं अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार त्या परिषदेला. 1995 मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाची सूत्रं महापौरांकडे गेली, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मंडळाच्या सदस्यांसाठी पहिल्यांदाच निवडणूक झाली. वरच्या पातळीवर इतक्या उलथापालथी होऊनही शाळापातळीवरच्या परिषदा टिकल्या. त्या सगळ्या चांगल्या चालल्या असं नाही. गरीब वस्त्यांत उमेदवारच मिळत नाहीत ही तक्रार तिथेही आहे. पण पालकाला जाब विचारायला एक ठिकाण आहे.

आणि नगरपालिकेची शाळा म्हणजे नाइलाजाची शाळा, असं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरला जावं. महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक रांगा लावतात. त्या शाळेलाही नियम तेच आणि शासनही हेच.

वऱ्हाडाला तर या बाबतीत परंपरा आहे. पंजाबराव देशमुख 1928 मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचं काम त्यांनी त्याच खुर्चीतून केलं. पुढे ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं महाविद्यालय आपल्या अकोटातही आहे. स्थानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून काय करता येतं, हे इथल्याच माणसाने दाखवून दिलेलं आहे.

आता मागण्या. यातल्या पहिल्या पाच तुम्ही राज्याच्या परवानगीची वाट न पाहता करू शकता.

एक. शाळांचं अंदाजपत्रक शाळेतून वर येऊ द्या. शिक्षणहक्क कायद्याचं 22 वं कलम सांगतं की व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदानाला तोच आराखडा आधार राहील. प्रत्येक शाळेचा आराखडा डिसेंबरअखेर पालकसभेत वाचून मंजूर व्हावा आणि फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकाच्या सभेपुढे तो जोडपत्र म्हणून यावा. ज्या मागणीला पैसा देता आला नाही, तिच्यापुढे कारण लिहा.

दोन. शिक्षण समितीच्या बैठकीला सर्व शाळा व्यवस्थापन समित्यांच्या अध्यक्षांना कायम निमंत्रित करण्याचा ठराव करा. मताचा हक्क कायद्याने सदस्यांचाच राहील, पण बोलण्याचा हक्क द्या आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवा. दर तीन महिन्यांनी ही बैठक आलटून पालटून एकेका शाळेत घ्या. वर्गखोलीतल्या बाकावर बसून शाळेचं बोलणं वेगळं होतं.

तीन. शाळेची दुरुस्ती, खोल्या, संडास, पाणी यांचा निधी प्रभागाच्या हिशेबाने वाटू नका. गरजेचा तक्ता करा. खोल्यांची अवस्था, रिक्त पदं, मुलींची गळती, दिव्यांग आणि स्थलांतरित मुलांची संख्या, हे निकष आधी ठरवा आणि जाहीर करा. मग ज्या शाळेची गरज जास्त तिचा क्रमांक आधी, तिथला नगरसेवक कोणत्या पक्षाचा का असेना. पट कमी झाला म्हणून ज्या शाळेचं अनुदान तुटतं, तिची तूट नगर परिषदेच्या निधीतून भरण्यासाठी अंदाजपत्रकात वेगळं शीर्ष ठेवा.

चार. प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर फलक लावा. त्यावर पट, मंजूर आणि भरलेली पदं, वर्षात आलेला आणि खर्च झालेला पैसा, समितीच्या सदस्यांची नावं आणि तक्रार कुणाकडे करायची त्या एका अधिकाऱ्याचं पद असावं. मराठीत लावा आणि उर्दू शाळेत उर्दूतही लावा. पालकाची तक्रार त्या एकाच अधिकाऱ्याकडे जाईल आणि पुढे पुण्याला, अकोल्याला की बांधकाम विभागाला पाठवायची हे तो पाहील. पालकाला चार कार्यालयं फिरवायची नाहीत.

पाच. व्यवस्थापन समित्या खरोखर निवडा. पालकसभा संध्याकाळी घ्या, कारण शेतावर, जिनिंगला किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या मायला सकाळी अकराची सभा म्हणजे एका दिवसाची रोजी. मुख्याध्यापकांनी नावं लिहून आणण्यापेक्षा हात वर करून किंवा चिठ्ठीने निवड होऊ द्या. सदस्यांना त्यांचे अधिकार सांगणारा एक दिवस ठेवा, त्या दिवसाची मजुरी नगर परिषदेने द्यावी. सर्व समित्यांच्या अध्यक्षांचा गावपातळीवर एक महासंघ होऊ द्या. एकटी आई दारात उभी राहिली तर तिला परत पाठवणं सोपं असतं, वीस शाळांच्या आया एकत्र आल्या तर नसतं.

सहा. आणि राज्य शासनाकडे सभागृहाचा एकमुखी ठराव पाठवा. 2013 नंतर शहरी प्राथमिक शाळांच्या कारभाराची जी पोकळी राहिली, ती भरणारा कायदा हवा. त्यात शिक्षण समितीला किमान अडीच वर्षांची मुदत, पालक प्रतिनिधींना मताधिकारासह जागा, आणि उर्दू माध्यमाच्या रिक्त पदांसाठी वेगळी तरतूद असावी. प्रशासक असतानाही पालक समित्यांचे अधिकार चालू राहतील अशी तरतूदही त्यात हवी, म्हणजे निवडणुका पुन्हा चार वर्षं लांबल्या तरी शाळा पोरक्या होणार नाहीत.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, पालक अडाणी आहेत, त्यांना आराखडा काय कळणार. ज्या बाईला पन्नास रुपयांत आठवडी बाजार भागवता येतो, तिला शाळेच्या पन्नास हजारांचा हिशेब कळतो. तिला तो कधी दाखवलेला नाही, एवढंच. काही जण म्हणतील, यात राजकारण शिरेल. राजकारण आजही आहे, फक्त त्यात शाळेतल्या मुलांच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. आणि काही जण म्हणतील, पैसा कुठे आहे. वरच्या मागण्या पुन्हा वाचा. फलकाला रंग लागेल, प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी लागेल, तूट भरण्याच्या शीर्षात काही रक्कम टाकावी लागेल. बाकी सगळ्याला फक्त ठराव लागतो.

मुख्याध्यापक आणि शिक्षकांविरुद्ध हे पत्र नाही हेही स्पष्ट करतो. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या भरता भरता फळ्यापाशी उभं राहायला त्यांना वेळ उरत नाही. पालकांची समिती जिवंत असली तर शिक्षकाला पहिला पाठिंबा तिचाच मिळेल. "आमच्या गुरुजींना वर्गात राहू द्या" हे वाक्य शिक्षक संघटनेने म्हणण्यापेक्षा वर्गातल्या मुलीच्या बापाने म्हटलं की त्याला वजन येतं.

2024 च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांच्या पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी 19 जुलैला तो बदल रद्द केला. त्या नियमामागे एक गृहीतक होतं: गरिबाच्या मुलासाठी जवळची सरकारी शाळा आहे, मग अडचण काय? ती शाळा खरोखर तेवढ्या तोलाची असती तर पालकांनी कोर्टाची पायरी चढली नसती. तिला तशी करणं हे न्यायालयाचं काम नाही, ते तुमचं आहे.

म्हणून एकच विनंती. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या पाच मागण्या स्वतंत्र विषय म्हणून घ्या आणि प्रत्येकीवर मत घ्या. मंजूर होवो की नामंजूर, कोणत्या सदस्याने काय मत दिलं ते लिहून प्रत्येक नगर परिषद शाळेच्या फलकावर लावा. मतं आम्हीच दिली आहेत, पुढचीही आम्हीच देणार आहोत, आणि तोवर आमची लेकरं पाच वर्षांनी मोठी झालेली असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नगर परिषद हद्दीतला एक करदाता आणि शाळा व्यवस्थापन समितीचा माजी पालक सदस्य, अकोट

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
1. मा. जिल्हाधिकारी, अकोला
2. मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, अकोला
3. अकोट शहरातील सर्व शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष